पार्कातला 'क' कशाचा?

सोमवारी सकाळी ऑफिसातल्या कॉफी मशिनपाशी हमखास विचारला जाणारा प्रश्न कोणता? अर्थातच, 'वीकेंडला काय केलंस?' या प्रश्नाचं उत्तर द्यायचं म्हणजे आधी तयारी लागते. ट्रेक, ब्रंच, मॅरेथॉनची प्रॅक्टिस, पॉटरीचं वर्कशॉप, गेला बाजार मॉलमधला सेल तरी! 'काही नाही गं, नुसती बसले होते,' असं एकदा सांगून बघा. समोरची आधी तब्येतीची चौकशी करते आणि मग आवाज खाली आणून विचारते, 'सगळं ठीक आहे ना तुमच्या दोघांत?'

आपल्या शहरात नुसतं बसणं ही संशयास्पद गोष्ट आहे, बॉस. बसायची अधिकृत ठिकाणं दोनच, ऑफिसची खुर्ची आणि ट्रॅफिकमधली रिक्षा. (लोकलमध्ये विंडो सीट मिळणं हे बसणं नव्हे, तो सण असतो.) कॅफेत बसायचं तर दर पाऊण तासानं काहीतरी मागवावं लागतं. सोसायटीच्या कट्ट्यावर बसावं तर वॉचमन येऊन कुठल्या विंगचे म्हणून विचारतो. म्हणजे फुकट, निवांत, कुणी न हटकता बसायचं असेल तर उरते एकच जागा. बाग!

आता बाग म्हणजे काय, हा या आठवड्याचा विषय. आणि निमित्तही तसंच घसघशीत आहे, १२० एकरांचं.

मुंबई सेंट्रल... पार्क!

महालक्ष्मीचं रेसकोर्स तुम्ही पाहिलं असेलच. निदान लोकलच्या दारातून किंवा हाजी अलीच्या सिग्नलला. एकूण २११ एकर. १८८३ पासून इथे घोडे धावतायत. त्याआधी हा सगळा भाग दलदलीचा होता. समुद्राचं पाणी आत यायचं, ते अठराव्या शतकात हॉर्नबी वेलार्डचा बांध घालून अडवलं गेलं, तेव्हा कुठे इथे जमीन म्हणावी अशी जमीन दिसायला लागली. टर्फ क्लबचा भाडेकरार २०१३ मध्ये संपला आणि पुढची दहा-अकरा वर्षं या जागेचं काय करायचं, यावर आपल्या पद्धतीप्रमाणे भरपूर चर्चा झाली. मग २०२४ मध्ये ठरलं की ९१ एकर टर्फ क्लबकडे राहणार आणि १२० एकर महापालिकेकडे येणार. तिथे भव्य सार्वजनिक उद्यान होणार. शेजारी कोस्टल रोडच्या भरावावर मिळणारी मोकळी जागा त्याला जोडली, की सगळं मिळून जवळपास ३०० एकर!

नावही मिळालंय, मुंबई सेंट्रल पार्क. (एवढंच, की टॅक्सीवाल्याला पूर्ण नाव ऐकू जायच्या आत तो आपल्याला एसटी डेपोच्या दारात सोडणार, याची मनाची तयारी ठेवा.)

१२० एकर म्हणजे किती? शिवाजी पार्क साधारण २८ एकरांचं आहे. म्हणजे चार शिवाजी पार्क आत बसतील आणि वर भेळवाल्यांना जागा उरेल. मुंबईत माणशी मोकळी जागा सव्वा चौरस मीटरच्या आसपास आहे, असा आकडा विकास आराखड्याच्या चर्चांपासून सतत ऐकू येतोय. तुमची योगा मॅट आठवा. साधारण तेवढीच! तीच अंथरायची, त्यावरच लोळायचं, त्यावरच पोरांनी क्रिकेट खेळायचं. केंद्र सरकारचे शहरनियोजनाचे निकष मात्र माणशी १० ते १२ चौरस मीटर जागा असावी असं सांगतात. म्हणजे आपल्याला मिळायला हवी निदान एक छानशी खोली आणि आपण उभे आहोत तिच्या पायपुसण्यावर.

अशा शहरात १२० एकर एका झटक्यात लोकांसाठी खुले होणं ही आयुष्यात एकदाच घडणारी गोष्ट आहे. इतकी मोठी मोकळी जमीन पुन्हा मिळणार नाही. म्हणूनच मला धाकधूक वाटते. कारण आपल्याकडे मोकळी जागा मिळाली की पहिला प्रश्न येतो, 'तिथे काय काय करता येईल?' आणि मला विचारायचंय, तिथे काय काय करायचं नाही?

याला म्हणतात पॅसिव्ह!

बागा आखणाऱ्यांच्या भाषेत करमणुकीचे दोन प्रकार असतात. एक अॅक्टिव्ह रिक्रिएशन म्हणजे टर्फ, कोर्ट, स्केटिंग रिंक, स्विमिंग पूल. जिथे नियम असतात, साहित्य लागतं, मुद्दाम तयार केलेलं मैदान लागतं. दुसरं पॅसिव्ह रिक्रिएशन. त्यात चालणं, बसणं, वाचणं, पक्षी बघणं, स्केच काढणं, डबा खाणं आणि ढगांकडे बघत पडून राहणं हे सगळं मोडतं. याला साहित्य काय लागतं? सावली, माती, थोडीशी शांतता आणि एक बरासा बाक. बस्स.

आता 'पॅसिव्ह' शब्द ऐकला की आमच्या अप्रेझलच्या फॉर्ममधला शेरा आठवतो, त्यामुळे तो शब्द बदनाम आहे. पण आपल्याकडे याला आधीपासून छान शब्द आहेत की. निवांत. विसावा. टेकणं. 'या, जरा टेका,' असं म्हणणाऱ्या भाषेला पॅसिव्ह रिक्रिएशन काय शिकवणार! आणि आपल्याकडे त्याची खास वास्तूही आहे. गावच्या वडाभोवती किंवा पिंपळाभोवती दगडांनी बांधलेला पार. त्याला तिकीट नसायचं, थीम नसायची, म्युझिकल फाउंटन तर मुळीच नसायचं. झाड, सावली आणि बसायला जागा. शेतावरून आलेला दमलेला माणूस, एसटीची वाट बघणारी बाई, पेन्शनीतले गुरुजी, सगळ्यांना तिथे सारखीच जागा.

पार आणि पार्क यांत तसा एका 'क'चाच फरक. पण आपल्या बहुतेक बागांमध्ये हा 'क' काँक्रीटचा निघतो, तिथे घोळ होतो.

'अंकल, साइड!'

बागेचं सुशोभीकरण कसं होतं, हे तुम्हाला मी सांगायला नको. आधी मातीवर पेव्हर ब्लॉक. मग झाडाच्या बुंध्याला घट्ट सिमेंटचा गोल. (बुंध्याभोवती एक मीटर माती मोकळी सोडा, असं राष्ट्रीय हरित लवादानं दिल्लीतल्या झाडांबद्दल २०१३ मध्येच बजावलं होतं. आपल्याकडच्या झाडांचा गळा काही वेगळा नाही.) मग हिरवंगार लॉन आणि त्यावर 'गवतावर चालू नये' अशी पाटी. मग ओपन जिम, फायबरचा डायनासोर, 'आय लव्ह' अमुकतमुकची लाल बदामवाली अक्षरं, आणि रात्री झाडांच्या फांद्यांना गुंडाळलेल्या जांभळ्या दिव्यांच्या माळा. झाडाला बिचाऱ्याला झोपायचं असतं, त्यावरच्या पाखरांना तर नक्कीच!

या सगळ्यात बसायचं कुठे, हे विसरायला होतं.

गेल्या वर्षी माझे बाबा तीन आठवडे माझ्याकडे राहायला होते. नुकतीच अँजिओप्लास्टी झालेली. डॉक्टरांचा सल्ला साधा, रोज मोकळ्या हवेत थोडं चाला, थोडं बसा. गावी हे सोपं होतं. माझा फ्लॅट चौदाव्या मजल्यावर, त्यामुळे मी त्यांना कौतुकानं जवळच्या बागेत घेऊन गेले. तिथला गोल जॉगिंग ट्रॅक एका दिशेनंच फिरायचा. बाबा आपल्या चालीनं चालायला लागले, तर मागून इअरफोनवाली मंडळी 'अंकल, साइड! अंकल, साइड!' करत घुसायची. चार फेऱ्या 'अंकल साइड' झाल्यावर ते लॉनवर टेकायला गेले, तर शिट्टी वाजली. बाक होते, पण पाठ नसलेले आणि बरोबर उन्हात. शेवटी आम्ही बाप-लेक बागेबाहेरच्या एटीएमच्या पायरीवर बसलो. बाबांनी घाम पुसला आणि म्हणाले, 'तुमच्याकडे बसायलासुद्धा काहीतरी निमित्त लागतं, नाही का गं?'

मी हसले खरी. पण त्या बागेवर मधल्या काळात चांगले पैसे खर्च झाले होते, हे मला माहीत होतं. पैसे कमी पडले नव्हते. कुणीतरी नुसतं बसायला येईल, हा विचारच कमी पडला होता.

पेंग्विन आणि गोरखचिंच

आपलं लक्ष कसं भलतीकडेच असतं, याचं झकास उदाहरण म्हणजे राणीची बाग. अधिकृत नाव वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान, भायखळा. १८६२ मध्ये लोकांसाठी उघडलेली ही बाग. २०१६ मध्ये इथे सोलहून पेंग्विन आले आणि पुढच्या वर्षी ते बघायला अख्खी मुंबई लोटली. मीही गेले होते, रांगेत उभी राहिले होते, फोटोही काढले. गोड आहेत हो! पण त्या रांगेत उभं असताना आपल्या डोक्यावर काय आहे, हे वर मान करून किती जणांनी बघितलं असेल? राणीची बाग मुळात बोटॅनिकल गार्डन आहे. तीन हजारांवर झाडं आणि पावणेतीनशेहून जास्त जाती. हत्तीच्या पायासारख्या बुंध्याची गोरखचिंच इथे आहे. २००७ च्या सुमारास या बागेचा चेहरामोहरा बदलून चकाचक प्राणिसंग्रहालय करण्याची मोठी योजना आली, तेव्हा काही मुंबईकर झाडांची यादी करायला बसले. एकेक झाड मोजलं, नोंदवलं, आणि वर्षानुवर्षं पाठपुरावा करून ही वृक्षसंपदा नजरेसमोर आणली.

मला त्यातली गंमत अशी वाटते, की पेंग्विनला थंड ठेवायला यंत्रणा लागते, वीज लागते, पाणी लागतं. त्या झाडांना आपल्याकडून काहीच नको असतं. उलट बाहेर ३६ डिग्री असताना आपल्यालाच ती थंड ठेवतात. फुकटात!

न्यूयॉर्कचं घ्यायचंच, तर नीट घेऊ

आता नाव सेंट्रल पार्क ठेवलंच आहे, तर मूळ कॉपी काय आहे ते बघायला हवं ना? न्यूयॉर्कचं सेंट्रल पार्क ८४३ एकरांचं. फ्रेडरिक लॉ ओल्मस्टेड आणि कॅल्व्हर्ट व्हॉक्स या जोडीनं १८५८ मध्ये त्याचा आराखडा स्पर्धेत जिंकला. या दोघांनी केलेली सगळ्यात हुशार गोष्ट कोणती माहितीय? पार्कातून आडवे जाणारे चार रस्ते त्यांनी जमिनीच्या पातळीखाली खणून नेले. तेव्हा मोटारी नव्हत्या, घोडागाड्या होत्या. पण बागेत फिरणाऱ्याला शहर दिसू नये आणि ऐकूही येऊ नये, हा विचार त्यांनी दीडशे वर्षांपूर्वी केला.

तिथेच 'रॅम्बल' नावाचा एक भाग आहे. वाकड्यातिकड्या पायवाटा, गच्च झाडी, छोटासा ओढा. त्यातली बरीचशी 'नैसर्गिक' झाडी माणसानं आखून लावलेली आहे, पण हरवल्यासारखं वाटावं म्हणूनच लावलेली. या पार्कात २०० हून जास्त जातींचे पक्षी दिसतात. मॅनहॅटनच्या मधोमध!

आणि 'शीप मेडो'ची गोष्ट तर आपल्या सगळ्या प्लॅनर मंडळींनी फ्रेम करून लावावी अशी आहे. १५ एकरांचं हे कुरण. १९३४ पर्यंत इथे खरोखरच्या मेंढ्या चरायच्या. नंतर १९६०-७० च्या दशकांत तिथे प्रचंड कार्यक्रम व्हायला लागले, गाण्याच्या मैफली, मेळावे, काय नि काय. परिणाम असा, की गवत मेलं आणि उरलं धुळीचं मैदान. १९८० च्या सुमारास ते पुन्हा तयार केलं गेलं आणि मग नियम झाला. इथे मोठे कार्यक्रम नाहीत, मॅचेस नाहीत, लाउडस्पीकर नाही. चटई टाका, पुस्तक उघडा, लोळा. म्हणजे जगातल्या सगळ्यात धावपळीच्या शहरानं १५ एकर जागा लोळण्यासाठी राखीव ठेवली, आणि तीसुद्धा एकदा तोंड पोळल्यावर.

आपण तोंड न पोळताच फुंकर मारली तर?

आपल्याकडेही जमलंय की

'हे परदेशात ठीक आहे हो,' असं म्हणणाऱ्यांसाठी दोन घरचीच उदाहरणं.

पहिलं बीकेसीवाल्यांच्या अगदी नाकासमोर आहे. काचेच्या बिल्डिंगमधून मिठी नदीच्या पलीकडे जो हिरवा पुंजका दिसतो ना, ते महाराष्ट्र निसर्ग उद्यान. धारावी डेपोच्या समोर, ३७ एकर. ही जागा एकेकाळी कचऱ्याचं डम्पिंग ग्राउंड होती. त्या कचऱ्याच्या ढिगावर माती टाकून झाडं लावली गेली आणि १९९४ मध्ये उद्यान लोकांसाठी खुलं झालं. आज तिथे दाट झाडी आहे, फुलपाखरं आहेत, पावसाचं पाणी साठवण्याची सोय आहे. रोज समोर बसून 'सस्टेनेबिलिटी'वर पीपीटी बनवणाऱ्या किती जणांनी पूल ओलांडून तिथे पाऊल टाकलंय? हात वर करा बघू!

दुसरं मलबार हिलचं. मार्च २०२५ मध्ये इथे झाडांच्या उंचीवरून जाणारी लाकडी निसर्गवाट सुरू झाली. ४८५ मीटर लांब. भारतीयांना तिकीट २५ रुपये, ऑनलाइन स्लॉट घ्यायचा. पायवाट खांबांवर उचलल्यामुळे खालची माती तुडवली जात नाही आणि झाडांची मुळं मोकळी राहतात. स्लॉटमुळे एका वेळी झुंबडही उडत नाही. अर्थात, पक्ष्यांपेक्षा रील करणाऱ्यांचा किलबिलाट जास्त असतो, हे मान्य. पण निदान कल्पना तरी बरोबर आहे. निसर्ग हलवायचा नाही, माणसानं जपून त्यातून जायचं.

'पोरांनी खेळायचं कुठे?'

हे सगळं मी ऑफिसच्या लंचटेबलवर ऐकवलं, तेव्हा आमच्या टीममधला एक जण भडकलाच. तो चाळीत वाढलेला, गल्लीत क्रिकेट खेळलेला. म्हणाला, 'आमच्या एरियात पोरांना खेळायला ग्राउंड नाही आणि तुला पक्षी बघायचेत?' टेबलावर शांतता. मुद्दा बिनतोड होता. माझ्याकडे लगेच उत्तर नव्हतं, म्हणून मी त्याच्या डब्यातली वांग्याची भाजी घेतली.

पण विचार केल्यावर वाटतं, भांडण मैदान विरुद्ध बाग असं नाहीच. मैदानं हवीतच, पण ती पोरांच्या घराजवळ हवीत. गोवंडीच्या मुलाला महालक्ष्मीला क्रिकेट खेळायला या, असं सांगणं ही त्याची थट्टा आहे. वॉर्डावॉर्डातली मैदानं अडवून ठेवायची आणि सगळ्या खेळांचा भार एकाच पार्कावर टाकायचा, हे काही खरं नाही.

जाहीर झालेल्या आराखड्यांमध्ये रेसकोर्सच्या जमिनीखाली क्रीडासंकुल आणि कोस्टल रोडच्या बागेकडे जाणारा भुयारी मार्ग अशाही गोष्टी आल्या आहेत. 'वर बाग, खाली स्टेडियम' ऐकायला भारी वाटतं. पण झाडाला विचारा! स्लॅबवर जेवढा मातीचा थर, तेवढीच मुळांना वाट. त्यावर लॉन येईल, शोभेची झुडपं येतील. वड, पिंपळ, उंबर कसे येणार? आणि उंबर-पिंपळ नाहीत, तर त्यांची फळं खाणारा हरियाल, आपला राज्यपक्षी, तरी कशाला येईल?

त्यात ही जमीन मुळातली पाणथळ. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हा कुठे होतात, हे त्या काळच्या प्रत्येक मुंबईकराला आजही पाठ आहे. पाऊस पिऊन घेणारी उघडी माती या शहरात किती उरलीय? तिच्यावर झाकण बसवायच्या आधी दहादा विचार व्हायला हवा.

आणि हो, 'नुसतं निसर्गावर सोडा' असंही मी म्हणणार नाही. बाई आहे मी, अंधाऱ्या झाडीत निवांतपणा शोधायला जाणार नाही. सुधारणा हव्यातच. पण कुठल्या? स्वच्छ टॉयलेट. पिण्याचं पाणी. व्हीलचेअर आणि बाबागाडी जाईल अशी सपाट वाट. थोड्या थोड्या अंतरावर पाठ टेकता येईल असा, सावलीतला बाक. पायवाटेपुरता, जमिनीकडे वळवलेला उजेड, म्हणजे आपल्याला वाट दिसेल आणि पाखरांची झोपमोड होणार नाही. बाई सुरक्षा रक्षक. आणि माणसाला माणूस समजणारे नियम.

हे शेवटचं फार महत्त्वाचं आहे. आपल्याकडे कित्येक बागांना भर दुपारी कुलूप असतं. म्हणजे सावलीची सगळ्यात जास्त गरज असते तेव्हाच! दुपारी एक वाजता बागेची गरज कुणाला असते? एसीत बसलेल्या मला नाही. ती असते बाइकवर बॅग लादून फिरणाऱ्या डिलिव्हरीवाल्या मुलाला, दोन घरांच्या कामांमध्ये तासभर मोकळा असलेल्या मावशींना, रात्रपाळी करून घरी जागा नाही म्हणून बाहेर थांबलेल्या वॉचमनला. आणि हो, वन रूम किचनमध्ये सात माणसांसोबत राहणाऱ्या त्या दोघांना, ज्यांना फक्त शेजारी बसून बोलायचंय. शांत पार्क म्हणजे फक्त स्पोर्ट्स शूजवाल्यांचं पार्क असेल, तर ते टर्फ क्लबकडेच राहू द्या ना, घोडे तरी बघायला मिळतील.

१२० मिनिटं

जपानच्या वनखात्यानं १९८२ मध्ये 'शिनरिन-योकू' हा शब्द काढला, म्हणजे जंगलस्नान. २०१९ मध्ये इंग्लंडमधल्या सुमारे २० हजार लोकांच्या माहितीवर आधारलेला एक अभ्यास आला. आठवड्याला निदान १२० मिनिटं निसर्गात घालवणाऱ्यांमध्ये 'माझी तब्येत चांगली आहे, मी मजेत आहे' असं सांगणाऱ्यांचं प्रमाण अजिबात न जाणाऱ्यांपेक्षा जास्त आढळलं. सलग दोन तास घालवा नाहीतर तुकड्या-तुकड्यांनी, फरक पडत नव्हता. १२० मिनिटं, १२० एकर. योगायोग छान आहे!

माझी विशलिस्ट अगदी छोटी आहे. १२० एकरांपैकी एक मोठा तुकडा असा असावा, जिथे काहीही 'इव्हेंट' होणार नाही. थोडं गवत न कापता सोडावं. टिटवी उघड्या जमिनीवरच अंडी घालते, तिला लॉनमोअर परवडत नाही. झाडं लावताना गुलमोहर आणि पर्जन्यवृक्षाच्या पलीकडे बघावं. एक मादागास्करचा, दुसरा अमेरिका खंडातला. दिसतात सुंदर, पण ताम्हण, बकुळ, पांगारा, काटेसावर आपले असताना पाहुण्यांनीच सगळ्या खुर्च्या का अडवाव्यात? एका कोपऱ्यात रुई आणि लिंबाची झुडपं असू द्यावीत. रुईवर बिबळ्या कडवा अंडी घालतो, लिंबाच्या जातीवर नीलवंत, आपलं २०१५ पासूनचं राज्य फुलपाखरू. फुलपाखरू उद्यानाची कमान लाखो रुपयांना पडते, रुई उकिरड्यावरही फुकट उगवते. आणि जमिनीखाली जे काही बांधायचं असेल, ते किती, कुठे आणि वर माती किती उरणार, हे आधी सगळ्यांना साध्या मराठीत सांगावं.

तोपर्यंत तुम्ही काय करायचं? येत्या रविवारी बिननिमित्त बाहेर पडा. निसर्ग उद्यान आहे, राणीची बाग आहे, आणि रेसकोर्स तर आता भुयारी मेट्रोच्याही टप्प्यात आहे. मोबाइल खिशात ठेवा आणि वीस मिनिटं एकाच जागी बसा. पहिली पाच मिनिटं प्रचंड बोअर होईल, आधीच सांगते. सातव्या मिनिटाला तांबट पक्ष्याचा टुक-टुक आवाज यायला लागेल. तो आधीपासूनच येत असतो, आपण आत्ता ऐकत असतो इतकंच. मग पार्कासाठी सूचना मागवल्या जातील तेव्हा, त्या वीस मिनिटांत काय मिळालं आणि काय खुपलं, तेवढंच दोन ओळींत लिहून पाठवा. हेरिटेज कमिटीची भाषा लागत नाही, 'बाकाला पाठ हवी' एवढंही चालतं.

आणि आराखडा करणाऱ्यांना एवढंच सांगायचंय, की पारापुढे जोडायला 'क' हवाच असेल, तर तो काँक्रीटचाच कशाला? करंज आहे, कदंब आहे, कांचन आहे, कडुनिंब आहे. सावली देणारे एवढे 'क' रांगेत उभे आहेत, त्यांना जरा आत तरी येऊ द्या!